वजन घटविण्याच्या आरंभीचा वेग : पुण्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वजन कमी करण्याचा मोठा संकल्प केलेल्या व्यक्तीच्या मनात पहिला प्रश्न येतो तो वेगाचा. पहिल्या आठवड्यात किती किलो उतरतील, महिन्याअखेर किती उतरतील आणि ही घट पुढेही याच गतीने चालू राहील काय, या प्रश्नांच्या उत्तरावर पुष्कळदा संकल्पाचे भवितव्य अवलंबून असते. पहिल्या सात-आठ दिवसांत काटा झपाट्याने खाली येतो, त्यामुळे उत्साह दुणावतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोच काटा अडखळू लागतो आणि आपलेच काहीतरी चुकले या समजुतीने प्रयत्न सोडला जातो. हा अनुभव व्यक्तिगत वाटत असला तरी त्यामागे शरीराचा एक नियम आहे, आणि हा नियम मानवाला कसा उमगत गेला याला मोठा इतिहास आहे.

या इतिहासात पुणे शहराचे स्थान लक्षणीय आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उपवास करणाऱ्या एका माणसाच्या प्रकृतीची वैद्यकीय पत्रके याच शहरातून देशभर पोहोचली. निसर्गोपचाराची महत्त्वाची केंद्रे याच परिसरात उभी राहिली आणि 'वजन म्हणजे चरबी नव्हे' हे जगाला पटवून देणारे संशोधनही येथेच झाले. प्रस्तुत लेखात या घटनांचा मागोवा घेऊन पुढील उद्दिष्टे साधण्याचा प्रयत्न केला आहे.

१. वजनघटीच्या आरंभीच्या वेगाविषयीच्या ज्ञानाचा विकास कालक्रमाने मांडणे.
२. या विकासात पुणे व महाराष्ट्र यांचा वाटा तपासणे.
३. आरंभीचा वेग आणि प्रत्यक्ष चरबीची घट यांतील फरक ऐतिहासिक पुराव्यांच्या आधारे स्पष्ट करणे.
४. वारज्यासारख्या नव्या उपनगरांतील आजच्या परिस्थितीशी या इतिहासाचा संबंध जोडणे.

तराजूपूर्वीचा काळ : लक्षणांवर आधारलेला विचार

भारतीय वैद्यकाने स्थूलतेचा विचार फार पूर्वी केला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात निंदित मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांचे वर्णन असून अतिस्थूल व अतिकृश या दोहोंची चर्चा तेथे विस्ताराने केलेली आहे. अतिस्थूल मनुष्याचे आयुष्य घटते, हालचाल मंदावते, घाम व दुर्गंधी वाढते, भूक आणि तहान अनावर होते, असे दोष सांगितले आहेत. उपचार म्हणून पचावयास जड परंतु पोषणास हलके असे अन्न सुचविले आहे. जव, मध, त्रिफळा, गुळवेल, नागरमोथा ही नावे त्यात येतात. व्यायाम व जागरण यांचे प्रमाण वाढवावयाचे ते क्रमाक्रमाने, अशी स्पष्ट सूचना तेथे आहे.

पुढील बाविसाव्या अध्यायात लंघनाचे दहा प्रकार सांगितले असून लंघन योग्य झाले हे कसे ओळखावे याचीही लक्षणे दिली आहेत. शरीराला हलकेपणा येणे, मलमूत्राचे विसर्जन नीट होणे, तोंड व घसा स्वच्छ वाटणे, भूक-तहान एकाच वेळी लागणे ही त्यांतील काही होत. येथे कोठेही आकडा नाही. इतक्या दिवसांत इतके वजन उतरले पाहिजे, अशी अपेक्षा या विचारात आढळत नाही. याचे एक कारण उघड आहे. धान्य व सोने तोलणारा तराजू घरोघरी होता, परंतु माणूस तोलण्याचा प्रघात नव्हता. मराठीतही देहाची वाढघट सांगणारे शब्द डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणांवर बेतलेले आहेत. मूल 'बाळसे धरते', आजारी माणूस 'वाळतो', त्याचा चेहरा 'उतरतो', बरा झाला की तो 'अंग धरतो'.

लोकव्यवहारात उपवास होताच. परंतु त्याचा हेतू धार्मिक होता. एकादशी, महाशिवरात्र, चातुर्मास यांतील उपवासांनी वजन घटावे अशी अपेक्षा नव्हती, आणि साबुदाणा, शेंगदाणे, रताळी व तूप यांच्या फराळाने ते घटण्याचा संभवही थोडाच होता. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण समाजाने स्वतःकडे किती मिस्कीलपणे पाहिले याची साक्ष देते.

आकड्यांचे आगमन : सांतोरिओ ते बँटिंग

माणसाचे वजन सातत्याने मोजून त्यावरून निष्कर्ष काढण्याची पद्धत युरोपात रुजली. इटलीतील वैद्य सांतोरिओ सांतोरिओ याने तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून स्वतःचे वजन, खाल्लेले अन्न आणि उत्सर्जित द्रव्ये यांची तुलना केली व १६१४ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. खाल्लेल्या अन्नाच्या वजनाचा मोठा भाग त्वचा व श्वास यांवाटे नकळत निघून जातो, हे त्याने दाखविले. देहाच्या वजनातील रोजचा चढउतार मुख्यतः पाण्याचा असतो, या पुढील काळातील ज्ञानाचे बीज या प्रयोगात होते.

वजन घटविण्याची लोकप्रिय चळवळ सुरू झाली ती १८६३ मध्ये. लंडनमधील अंत्यसंस्कार व्यावसायिक विल्यम बँटिंग याने स्थूलतेविषयी जनतेस उद्देशून एक पत्ररूप पुस्तिका प्रसिद्ध केली. डॉ. विल्यम हार्वे यांच्या सल्ल्याने त्याने पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे सोडले. ऑगस्ट १८६२ मध्ये त्याचे वजन २०२ पौंड होते; सप्टेंबर १८६३ मध्ये ते १५६ पौंड झाले. सुमारे ५४ आठवड्यांतील ही ४६ पौंडांची घट म्हणजे आठवड्यास सरासरी पौंडाहून थोडी कमी, म्हणजे चारशे ग्रॅमच्या आतबाहेर. बँटिंगने बहुतेक नोंदी तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतल्या. त्यामुळे त्याच्या तक्त्यात आरंभीची उसळी जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो संथ, सलग उतार. रोज काट्यावर उभे राहणाऱ्या आजच्या माणसाच्या तुलनेत बँटिंगला आशा आणि निराशा या दोहोंचे झटके कमी बसले असावेत, असे अनुमान काढता येते.

प्रयोगशाळेतील उपवास

आरंभीच्या वेगाचे शास्त्रीय मोजमाप विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात झाले. अमेरिकेतील बोस्टन येथील कार्नेगी पोषण प्रयोगशाळेत फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी १९१२ मध्ये माल्टाचे रहिवासी अगोस्तिनो लेव्हान्झिन यांचा ३१ दिवसांचा उपवास अभ्यासला. या काळात केवळ ऊर्ध्वपातित पाणी देण्यात आले. त्यांचे वजन सुमारे ६०.६ किलोवरून ४७.४ किलोवर आले, म्हणजे मूळ वजनाच्या सुमारे २२ टक्के घट झाली. पहिल्या दोन-तीन दिवसांत रोजची घट एक किलोच्या आसपास होती. पुढे ती उतरत जाऊन तिच्या निम्म्याहूनही कमी झाली. अन्न दोन्ही काळांत सारखेच, म्हणजे शून्य होते. मग वेग का बदलला?

याचे उत्तर शरीरातील इंधनाच्या साठ्यांत आहे. यकृत व स्नायू यांत ग्लायकोजेन या रूपाने पिष्टमय पदार्थांचा साठा असतो. प्रौढ व्यक्तीत तो साधारणतः अर्धा किलो भरतो आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. अन्न तोडले की हा साठा प्रथम वापरला जातो व त्याबरोबरचे पाणी मोकळे होऊन लघवीवाटे जाते. इन्सुलिनचे प्रमाण उतरल्याने मूत्रपिंडे मीठही अधिक बाहेर टाकतात आणि मिठामागून आणखी पाणी जाते. ग्लायकोजेन व त्यासोबतचे पाणी मिळून एक किलो वजन उतरले तर त्यातून जेमतेम १,००० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. चरबीच्या एका किलोमागे मात्र सुमारे ७,७०० किलोकॅलरी खर्चाव्या लागतात. तितक्याच तुटीत पहिल्या प्रकारचे वजन सात-आठ पट वेगाने उतरते ते यामुळे. साठा रिकामा झाला की हा वेग थांबतो. शरीर 'अडलेले' नसते. फक्त स्वस्त वजन संपलेले असते आणि महाग वजनाची पाळी आलेली असते.

पुण्यातील उपवास आणि वैद्यकीय पत्रके

हे ज्ञान प्रयोगशाळेत साकारत होते त्याच काळात पुण्यात उपवासाने वेगळेच रूप धारण केले. महात्मा गांधींचे चार महत्त्वाचे उपवास या शहराशी निगडित आहेत. पहिला येरवडा कारागृहातील, २० ते २६ सप्टेंबर १९३२ या काळातील. त्याच्याच दरम्यान २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. दुसरा ८ मे १९३३ रोजी येरवड्यात सुरू झालेला २१ दिवसांचा. त्याच दिवशी सुटका झाल्याने तो लेडी ठाकरसी यांच्या 'पर्णकुटी' या निवासस्थानी २९ मे रोजी पूर्ण झाला. तिसरा १६ ऑगस्ट १९३३ रोजी पुन्हा येरवड्यात सुरू झाला. प्रकृती ढासळल्याने त्यांना ससून रुग्णालयात हलविण्यात आले आणि २३ ऑगस्ट रोजी मुक्त करण्यात आले. चौथा आगाखान पॅलेसमधील, १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ या काळातील.

हे उपवास वजन घटविण्यासाठी नव्हते, हे सांगावयास नको. त्यांचा हेतू नैतिक व राजकीय होता. परंतु उपवासी शरीराकडे सारा देश डोळे लावून बसला आणि त्या शरीराची स्थिती वैद्यकीय भाषेत लोकांपर्यंत पोहोचू लागली, ही घटना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. १९४३ च्या उपवासात डॉ. बिधनचंद्र रॉय, डॉ. गिल्डर, डॉ. सुशीला नायर आणि सरकारी वैद्यकीय अधिकारी मेजर जनरल कँडी यांच्या देखरेखीखाली प्रकृतीची पत्रके निघत होती. उपवास चालू असतानाच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील तीन सदस्यांनी राजीनामे दिले; त्यांत यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे हे एक होते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नोंदींनुसार १९३९ च्या सुमारास गांधीजींचे वजन ४६.७ किलो होते आणि त्यांचा देहभार निर्देशांक १७.१ होता. म्हणजे आजच्या निकषांनुसार ते मुळातच कमी वजनाचे होते. अशा देहात चरबीचा साठा मर्यादित असतो आणि स्नायूंची झीज लवकर सुरू होते. त्यातच मळमळीमुळे त्यांना पाणी पिणे अवघड होऊ लागले. २१ फेब्रुवारीच्या सुमारास प्रकृती चिंताजनक झाली, रक्तातील दूषित द्रव्ये वाढण्याची भीती डॉक्टरांनी व्यक्त केली आणि पाण्यात मोसंबीचा थोडा रस घालून ते देण्यात आले. त्यानंतर स्थिती सावरली.

या प्रसंगातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. उपवासी व्यक्तीच्या जिवाला तत्काळ धोका निर्माण होतो तो पुष्कळदा पाणी, क्षार आणि मूत्रपिंडे यांच्या बाजूने. ज्या पाण्याच्या निचऱ्यामुळे आरंभी वजन झपाट्याने उतरलेले दिसते, त्याच पाण्याचा तोल बिघडला की प्राणांवर बेतते. झपाट्याची घट हे यशाचे चिन्ह मानावे की इशारा, हा प्रश्न आगाखान पॅलेसमधील त्या दिवसांनी पुढे ठेवला होता.

उपवासाचे उपचारात रूपांतर

याच काळात पुणे परिसरात आहार आणि देह यांविषयीच्या संस्था आकार घेत होत्या. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. त्याच वर्षी पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापून व्यायामाला संस्थात्मक रूप दिले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. गांधीजींच्या उपवासांत ज्यांनी शुश्रूषा केली त्या डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र पुण्यातच होते. त्याच वास्तूत पुढे राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था सुरू झाली. आगाखान पॅलेसच्या बंदिवासात, १९४२ मध्ये, गांधीजींनी आरोग्यविषयक पुस्तिका लिहिली आणि मार्च १९४६ मध्ये उरुळीकांचन येथे निसर्गोपचार आश्रमाचा पाया घातला. मणिभाई देसाई यांनी तो पुढे वाढविला.

या केंद्रांनी उपवास, रसाहार आणि मिताहार यांना उपचाराचे स्थान दिले. आठ-दहा दिवसांच्या निवासात वजन उतरते, अंग हलके वाटते, झोप सुधारते हा अनुभव येथे येणाऱ्यांना आला. त्यातील हलकेपणा खराच असतो. परंतु उतरलेल्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असल्याने घरी परतून नेहमीचे जेवण सुरू होताच दोन-तीन किलो परत येतात. याला उपचाराचे अपयश म्हणणे जितके चुकीचे, तितकेच पहिल्या उतरलेल्या किलोंना चरबी म्हणणेही चुकीचे आहे.

वेगाचे गणित : १९४५ ते २०१४

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांवर अर्धउपासमारीचा प्रयोग केला. २४ आठवडे त्यांना साधारणतः १,६०० किलोकॅलरींच्या आसपास आहार देण्यात आला. सरासरी वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. घटीचा आलेख आरंभी तीव्र आणि पुढे सपाट होत गेला, कारण लहान झालेले व काटकसरीला लागलेले शरीर कमी ऊर्जा खर्चू लागले. अनेकांच्या पायांवर सूज आली; म्हणजे ऊतकांची झीज चालू असतानाही साठलेल्या पाण्यामुळे काटा ती लपवीत होता. आरंभी पाणी घट वाढवून दाखविते आणि पुढे तेच घट झाकून ठेवते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

१९५८ मध्ये मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी एक पौंड वजनामागे ३,५०० किलोकॅलरी हे सूत्र मांडले. सोपे असल्याने ते जगभर पसरले. परंतु ते सरळ रेषेचे सूत्र होते आणि शरीराचा आलेख वक्र होता. केव्हिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या गणिती प्रतिमानाने ही त्रुटी दूर केली. तेवढ्याच आहारावर घट हळूहळू मंदावते व कालांतराने थांबते, हे त्यांनी दाखविले.

आरंभीच्या वेगाविषयीचा सर्वांत बोलका पुरावा १९७६ मधील यांग व व्हॅन इटाली यांच्या अभ्यासात सापडतो. सहा स्थूल व्यक्तींना दहा-दहा दिवसांच्या तीन टप्प्यांत वेगवेगळ्या आहारांवर ठेवण्यात आले. ८०० किलोकॅलरींच्या अत्यल्प पिष्टाच्या आहारावर रोज सुमारे ४६७ ग्रॅम वजन उतरले. तितक्याच ऊर्जेच्या मिश्र आहारावर सुमारे २७८ ग्रॅम. तर संपूर्ण उपवासात सुमारे ७५१ ग्रॅम. वरवर पाहता पिष्ट तोडलेला आहार मिश्र आहाराहून कितीतरी सरस दिसतो. परंतु उतरलेल्या वजनाचे पृथक्करण केल्यावर पहिल्यात पाण्याचा वाटा सुमारे ६१ टक्के व दुसऱ्यात सुमारे ३७ टक्के निघाला. चरबीची घट दोहोंत रोज सुमारे १६५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ सारखीच होती. काट्यावरील फरक केवळ पाण्याचा होता.

तरीही त्याच दशकात वेगाचे आकर्षण घातक ठरले. अमेरिकेत द्रवरूप प्रथिनांवर आधारित अत्यल्प आहाराची लाट आली आणि १९७७-७८ पर्यंत त्यासंबंधात सुमारे ६० मृत्यूंची नोंद झाली. हृदयाची लय बिघडणे हे त्यांतील प्रमुख कारण होते.

याची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. 'झपाट्याने उतरलेले वजन झपाट्याने परत येते' हा समज सर्वत्र आढळतो. ऑस्ट्रेलियात २०४ स्थूल व्यक्तींवर झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाने १२ आठवड्यांत तर दुसऱ्याने ३६ आठवड्यांत वजन घटविले. वैद्यकीय देखरेखीखालील जलद गटात उद्दिष्ट गाठणाऱ्यांचे प्रमाण ८१ टक्के, तर संथ गटात ५० टक्के होते. पुढील सुमारे तीन वर्षांत मात्र दोन्ही गटांनी घटलेल्या वजनापैकी साधारण ७१ टक्के परत मिळविले. म्हणजे वजन परत येणे टाळण्याचे उत्तर आरंभीच्या वेगात नाही. ते नंतरच्या काळातील सातत्यात शोधावे लागते.

महाराष्ट्रातील समकालीन चित्र

आरंभीच्या घटीकडे जगाचे लक्ष वेधणारी घटना फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबईत घडली. सुमारे ५०० किलो वजनाच्या ईमान अहमद या इजिप्शियन महिलेला उपचारार्थ सैफी रुग्णालयात आणण्यात आले. द्रव आहारावर शस्त्रक्रियेपूर्वीच त्यांचे वजन मोठ्या प्रमाणात उतरल्याचे सांगण्यात आले आणि किलोंचे आकडे रोजच्या बातम्यांचा विषय बनले. पुढे जाहीर झालेल्या आकड्यांवर कुटुंबीयांनी आक्षेप घेतला. मे महिन्यात त्यांना अबुधाबीस हलविण्यात आले व सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. उतरलेल्या किलोंच्या चर्चेत रुग्णाच्या एकूण प्रकृतीचा प्रश्न मागे पडतो, याचे हे विषण्ण करणारे उदाहरण होय.

मराठी समाजात या विषयावर स्वतंत्र विचारमंथनही झाले. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार व्याख्यानांतून मांडला, डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो २०१० नंतरच्या दशकात गावोगावी पोहोचविला. ऋजुता दिवेकर यांनी याउलट स्थानिक, पारंपरिक अन्न ठराविक अंतराने खाण्याचा पुरस्कार केला. दोन्ही बाजूंचे अनुयायी आपापल्या अनुभवातील किलो पुढे करतात. १९७६ च्या अभ्यासाच्या प्रकाशात पाहता, पहिल्या दोन आठवड्यांतील किलोंवरून या वादाचा निकाल लावता येणार नाही, हे उघड आहे.

पुण्याने या चर्चेत घातलेली मोलाची भर म्हणजे के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन. २००४ मध्ये त्यांनी व ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा देहभार निर्देशांक २२.३ असा समान होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बालकांच्या अभ्यासातूनही 'कृश तरी मेदयुक्त' भारतीय देहाची कल्पना पुढे आली. भारतीयांच्या बाबतीत केवळ काट्यावर विसंबणे दुहेरी फसवे ठरते, कारण वजन स्थिर राहूनही चरबी व कंबर घटू शकते आणि वजन उतरूनही चरबी तशीच राहू शकते.

या पार्श्वभूमीवर वारज्याचे उदाहरण पाहता येईल. मुठा नदीकाठचे हे शेतीचे गाव १९९७ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. महामार्गालगत गृहसंकुले उभी राहिली, शेतात राबणाऱ्या पिढीच्या जागी संगणकासमोर व वाहनात बसणारी पिढी आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष अतिवजन वा स्थूल गटात होते. ही स्थिती शहरी भागांत अधिक ठळक आहे. व्यायामशाळा व आहारकेंद्रे यांच्या जाहिरातींत ठरावीक दिवसांत ठरावीक किलोंचे आश्वासन असते, आणि ते पहिल्या टप्प्यात बहुधा खरेही ठरते, कारण पाण्याचा निचरा कोणत्याही आहारबदलाने होतो. दुसरीकडे वारज्यातील उजाड टेकडीवर लोकसहभागातून उभे राहिलेले नागरी वन २०२० च्या जागतिक पर्यावरण दिनी देशातील नगरवन योजनेसाठी आदर्श म्हणून दाखविण्यात आले. दीर्घकाळ रोज चालता येईल अशी जागा ही आरोग्याची साधी, पण टिकाऊ सोय आहे.

मार्च २०२५ पासून भारतात वजन घटविणारी नवी इंजेक्शने उपलब्ध झाली. या वर्गातील सेमाग्लुटाइडच्या २०२१ मधील चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन घटले. मात्रा टप्प्याटप्प्याने वाढविली जाते. औषध थांबविल्यावर वर्षभरात घटीचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आल्याचेही आढळले. औषध नवे असले तरी टिकवून धरण्याचा प्रश्न जुनाच राहिला आहे.

निष्कर्ष

१. आरंभीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातील वेगवान घट ही प्रामुख्याने ग्लायकोजेन, मीठ व पाणी यांची असते. ती खरी असली तरी चरबीच्या घटीचे माप नव्हे.
२. त्यानंतरचा मंद वेग हा अपयशाचा पुरावा नसून शरीराने इंधन बदलल्याचा परिणाम आहे.
३. पुण्यातील उपवासांच्या इतिहासावरून पाणी व क्षार यांचा समतोल वजनाच्या आकड्यापेक्षा अधिक महत्त्वाचा असल्याचे दिसून येते. मधुमेह, रक्तदाब वा मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी तीव्र आहारकपात वैद्यकीय देखरेखीशिवाय करू नये.
४. वेग जलद असो वा संथ, अंतिम फळ नंतरच्या सातत्यावर अवलंबून राहते.
५. भारतीय देहाच्या संदर्भात कंबरेचा घेर, रक्तशर्करा व कार्यक्षमता ही मापे वजनाच्या जोडीने पाहणे आवश्यक आहे.

समारोप

चरकाच्या काळी आकडा नव्हता, पण क्रम होता; आज आकडा आहे, परंतु क्रमाचे भान सुटत चालले आहे. हलकेपणा, भूक, झोप आणि उत्साह या जुन्या लक्षणांना आधुनिक मोजमापांची जोड दिल्यास पहिल्या आठवड्यातील हर्ष आणि पाचव्या आठवड्यातील निराशा या दोहोंना योग्य तेवढेच स्थान देता येईल. महाविद्यालयीन आरोग्य उपक्रमांत वजनाचे तक्ते भरून घेताना हा वक्र आलेख विद्यार्थ्यांना प्रथमच समजावून सांगितला, तर अनेकांचे प्रयत्न अर्ध्यावर तुटण्यापासून वाचू शकतील.